मी रुसले त्या आठवड्यात जागं झालेलं बीज

देवाशी मी भांडले ते एका सोमवारी सकाळी, ऑफिसची बस गाठायच्या गडबडीत. लग्नात माहेरहून, यवतमाळहून, सोबत आलेला पितळी बाळकृष्ण रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला आणि म्हटलं, "बस आता तिथेच. माझं तुझ्याकडे काही मागणं नाही." लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

कारण डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. माझ्या अंडाशयात बीजं भरपूर होती; सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांचे बारीक बारीक फुगे कडेने मण्यांसारखे दिसायचे. दर महिन्याला त्यांतला एक फुगा अठरा-वीस मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे आतलं बीज पिकून बाहेर पडतं. माझे सगळे फुगे दहा-अकराला येऊन थांबायचे. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळायची सवय, त्यामुळे मी याचीही एक्सेल शीट केली. तारीख, गोळी, मिलिमीटर आणि शेवटचा रकाना पूजेचा. संकष्टी झाली की हिरवा, चुकली की लाल. आज हसू येतं. पण तेव्हा मी देवालाही टीममधला एक माणूस धरून चालले होते आणि तो काम वेळेत देत नाही म्हणून माझा तिळपापड व्हायचा. त्या सोमवारी मी त्या रकान्यात "बंद" असं लिहून टाकलं. उपचार मात्र नवऱ्याच्या आग्रहामुळे चालू राहिले.

पुढे थंडी पडली. त्या महिन्याच्या सोनोग्राफीत पुन्हा अकराच. डॉक्टर म्हणाल्या, "परवा या. नाही वाढलं, तर हा महिना सोडून देऊ आणि ऑपरेशनचं बघू." शनिवार पेठेतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर येऊन मी बसले आणि मला रडू फुटलं. शेजारी साठीच्या एक बाई सुनेची वाट बघत होत्या. मंडईतून आणलेले मटार मांडीवर घेऊन चक्क तिथेच सोलत होत्या.

"रडायचं तर रडा, पण हात रिकामे कशाला? सोला," असं म्हणून त्यांनी मूठभर शेंगा माझ्या ओढणीत टाकल्या. मी इतकी चकित झाले की खरंच सोलायला लागले. शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. "बीज किती मिलिमीटर झालंय?" त्यांनी विचारलं. "अकरा," मी म्हटलं.

त्यांनी एक शेंग उकलून माझ्यापुढे धरली. "हे बघा. वेल एक, पाणी तेच, पण दाणे सगळे सारखे भरलेत का? हा टोकाचा टाचणीच्या डोक्याएवढा राहिलाय. आणि तुम्हाला काय वाटतं, तुमचं बीज या महिन्याच्या गोळीनं जागं झालं? अहो, झोपेतून उठून इथवर यायला त्याला निदान तीन महिने लागतात. सोनोग्राफीत दिसतात ते शेवटचे थोडे दिवस. आधीचं सगळं तुम्हाला न विचारताच चाललेलं असतं." तेवढ्यात सून बाहेर आली. "चला, अर्धा डबा तुमच्यामुळे झाला," म्हणत बाई निघूनही गेल्या.

ऑफिसात पोचल्यावर मी ती शीट उघडली आणि तीन महिने मागे गेले. समोर तोच सोमवार होता. बंद. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तीन महिने काही घड्याळ लावून मोजलेले नसतात, हे मला कळतं. कुणी योगायोग म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण मी देवाला कपाटात बसवलं, त्याच सुमाराला माझ्या आत एक बीज डोळे उघडत होतं! उपास नाही, दिवा नाही, हिरवा नाही की लाल नाही. मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारचा मुलगा कानातले हेडफोन काढून बघायला लागला. पूजेचा रकाना मी तिथल्या तिथे काढून टाकला. घरी येऊन बाळकृष्णाला बाहेर घेतलं, पुसलं, आणि काही न मागता नुसती समोर बसून राहिले.

दोन दिवसांनी सोनोग्राफीत चौदा! मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. मग अठरा, मग वीस. नवऱ्याला आकडा सांगायला मी जिना धावत उतरले आणि त्याने भर रस्त्यात स्कूटरचा हॉर्न वाजवत ठेवला. मग बीज बाहेर पडण्यासाठीचं इंजेक्शन झालं, आणि दोन दिवसांनी पडद्याकडे बघत, कधी न हसणाऱ्या आमच्या डॉक्टर हसून म्हणाल्या, "फुटलं!" म्हणजे बीज पिकून बाहेर पडलं होतं. फुटल्याची बातमी ऐकून कुणी पेढे आणले असतील, तर ते आम्हीच. पुढच्या पंधरा दिवसांत काय होणार हे माझ्या हातात नव्हतं, आणि नवल म्हणजे ते दिवस मी गाढ झोपले. पंधरा दिवसांनी आनंदाची बातमी आली.

मधल्या काळात दवाखान्यात त्या बाई पुन्हा भेटल्या तेव्हा मी त्यांचा फोन नंबर मागून घेतला होता. मुलीच्या बारशाला त्या हाताने शिवलेलं झबलं घेऊन आल्या. तिला मांडीवर घेऊन त्यांनी झबलं अंगाला लावून बघितलं. मग म्हणाल्या, "एका बीजासाठी रडत होतात ना? ही तुमच्या पोटात होती तेव्हाच हिची सगळी बीजं हिच्यात तयार झाली. लाखो. म्हणजे नातवंडांची बीजंसुद्धा तुम्हीच पोटात वागवलीत, आणि तुम्हाला पत्ता नाही."

पाहुण्यांनी भरलेल्या त्या घरात मला रडू आवरेना. मी देवाकडे एक मागितलं होतं, तेही तारखा घालून, आणि शेवटी रुसून. मी अजूनही मागते, माणूस आहे. पण मागून झालं की निश्चिंत होते. मी तोंड उघडण्याआधीच त्याने द्यायला सुरुवात केलेली असते.