तिखट न खाणारा पोरगा

"तीन बोटं उभी धरून तोंडात घाल," डॉक्टरीण बाईंनी सम्यकले सांगितलं. सम्यक म्हणजे माझा नातू, अकरावीत आहे. त्याचं एकच बोट गेलं, दुसरं दातावरच अडलं.

"खर्रा केव्हापासून?"

मी ताडकन उभा राह्यलो. "बाई, आमच्या घरात कोणी सुपारीचं खांड तोंडात टाकत नाई. दाढ दुखते म्हणून आणला, दाढ पाहा."

सम्यक खाली पाहत बोलला, "आठवीपासून."

मी परत बसलो.

रोगाचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. मी चौथी शिकलेला गवंडी. बाईंनी समजावलं ते असं. खर्रा म्हणजे प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू, चुना. त्यानं तोंडाची आतली कातडी वाळल्या चामड्यावानी कडक होते. जबडा उघडत नाई, तिखटानं आग होते. पुढे कॅन्सरही होऊ शकते.

तिखट! हा पोरगा केव्हाचा तिखट खात नव्हता. मी त्याले 'पुण्याचा पाहुणा' म्हणून चिडवायचो. त्याच्या आजीनं तर साऱ्या घराच्या भाजीतली मिरची कमी केली. देवळीसारख्या झणझणीत खाणाऱ्या गावात राहून आम्ही सारे फिकं खात होतो, पण काऊन, हे कोणी विचारलं नाई. मायबापहो, तुमचं पोरगं तिखटाले नाई म्हणू लागलं तर नुसते लाड करू नका. उजेडात नेऊन तोंड पाहा.

गालातला बारीक तुकडा काढून तपासाले पाठवला. याले बायोप्सी म्हणतात. रिपोर्ट घ्याले गेलो तवा बाकावर माझा मुलगा, सम्यकचा बाप, दात खात बोलला, "बाबा, घरी नेऊन सोलतोच त्याले." मले पटलं.

बाईंनी ऐकलं. "मारलंत तर खर्रा सुटणार नाही, सांगणं सुटेल. तो एखादवेळी पुन्हा खाईल. त्या दिवशी त्याला तुमच्याकडे येता आलं पाहिजे."

मले ते येडेपणाचं वाटलं. चोरानं येऊन सांगावं अन् आपण त्याले चहा पाजावा?

रिपोर्टात कॅन्सर नाई निघाला. गालात इंजेक्शनं सुरू झाली. घरी व्यायाम. आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक दातात धरायच्या, हळूहळू काडी वाढवायची. पण गेलेलं सारं परत येत नाई, हे बाईंनी साफ सांगितलं.

सम्यक लाजे. मग मीही त्याच्यासमोर काड्या धरून बसलो. काड्यांसंगं माझी कवळीच बाहेर आली. दवाखान्यानंतर तो पहिल्यांदा हासला.

परवा कॉलेजातून आला, तो दारातच थांबला. "आबा, आज खाल्ला. दोस्तानं पुढं केला, नाई म्हणताच नाई आलं."

माझा हात वर गेला. गवंड्याचा हात, आजवर कोणाले विचारून पडला नाई. सम्यकनं तोंड फिरवलं नाई, मार खायले उभाच राह्यला. मार पडणार हे ठाऊक असूनही पोरगं माझ्यापाशी आलं होतं! बाईंचे शब्द तवा डोक्यात शिरले. त्यांचे उपकार कसे फेडू?

हात खाली घेतला. म्हटलं, "काड्या आण. दोघं बसू."

तो आत गेला. मी आपल्याच हाताकडे पाहत राह्यलो.