खाली काकांचं नाव होतं

कुणी बातमी घेऊन आलं की काका आधी पेनाला टोपण लावायचे आणि विचारायचे, “तुमी सोत्ता बघितलं का?” समोरचा म्हणायचा, अमक्यानं सांगितलं. “मग त्यालाच बोलवा. तोवर च्या घ्या.”

मुरुमला माझा फोटो स्टुडिओ आहे. शेजारच्या गाळ्यात काकांची एका दैनिकाची एजन्सी होती. सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं. सकाळी पेपर वाटणारा माणूसच दुपारी त्या पेपरला बातमी पाठवतो, हे तुम्हीही आपल्या गावात पाहिलं असेल. एकदा बाजारातल्या भांडणात कुणी मेल्याची बोंब उठली. काका सायकलवरून त्या ‘मेलेल्या’ माणसाच्या घरी गेले, त्याच्यासोबत पोहे खाऊन आले आणि बातमी लिहिलीच नाही. लोक हसले. पण वाद झाला की तेच लोक विचारायचे, काकांनी लिहिलंय का? मग खरं.

त्या पावसाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीची हवा उठली. मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ फिरत होते. जवळच्या गावातला एक पोरगा शाळा बुडवून विहिरीवर पोहायला गेला आणि माराच्या भीतीनं घरी म्हणाला, पोतंवाल्यानं माझा हात धरला. काका तिथं गेले, पोराला बोलतं केलं आणि बातमी पाठवली : ही अफवा आहे, घाबरू नका.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा सोडला तर मथळा होता, ‘पोतं घेऊन फिरणाऱ्यांपासून सावधान!’ पोराची कबुली कापलेली. काकांचं नाव तेवढं शाबूत.

त्यांनी माझ्यासमोर कार्यालयात फोन लावला. लोक हेच वाचतात, खुलासा उद्या आतल्या पानावर टाकू, असं उत्तर मिळालं. काकांनी गठ्ठे पुन्हा बांधले. त्या दिवशी त्यांनी पेपर वाटलाच नाही. पण बातमीचा फोटो तोवर घरोघरच्या मोबाइलवर पोचला होता.

दुपारी त्याच गावात गुंतवळवाला आला. बायकांचे गळालेले केस घ्यायचे आणि त्याबदली पोरांना फुगे द्यायचे, हा त्याचा धंदा. तेलुगूशिवाय त्याला फारसं काही येत नव्हतं. खांद्यावर पोतं आणि भोवती पोरं, एवढं लोकांना पुरलं.

कळताच आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर गेलो. काका गर्दीत घुसून सांगत होते, बातमी माझीच आहे, पण मी असं लिहिलं नव्हतं. कुणी ऐकलं नाही. एक काठी त्यांच्या मनगटावर बसली. पोतं फाटलं होतं आणि चिखलात नुसते केस पसरले होते. सोलापूरला नेताना वाटेतच त्या माणसाचा जीव गेला.

पोलिसांनी गावातली तरणी पोरं उचलली. त्यातल्या एकाची आई काकांच्या दारात येऊन बसली. ती रडली नाही, भांडलीही नाही.

“पेपरवाले काय बी छापतेत, ठाव हाय आमाला,” ती म्हणाली. “पर खाली तुमचं नाव हुतं. म्हणून माझं पोरगं काठी घिऊन गेलं.”

काका प्लास्टरमधला हात सांभाळत तिच्यासमोर जमिनीवर बसले.

पेपरानं मेलेल्याला ‘अनोळखी इसम’ म्हटलं होतं. काकांनी एजन्सी सोडली. पोलिसांकडून पत्ता मिळवून ते तेलंगणातल्या त्याच्या घरी जाऊन आले आणि शेवटची बातमी लिहिली : तो नरसिंहलू होता, बायको त्याची वाट पाहत होती, उरलेले फुगे तो लेकींसाठी नेत असे. कार्यालयानं छापली नाही. प्रकरण जुनं झालं, म्हणाले.

मग काकांनी मुरुम सोडलं. लेकीकडे पुण्याला गेले ते परत आले नाहीत. पण जायच्या आधी ते त्या गावच्या आठवडी बाजारात गेले होते. मारुतीच्या पारावर उभं राहून त्यांनी ती बातमी मोठ्यानं वाचली. लोक वांगी निवडत होते, कुणी मान वर केली नाही. काकांनी शेवटपर्यंत वाचलं, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.