सामायिक मोबाईल

माझ्या पीएच.डी.चा विषय चारचौघांत सांगायची सोय नव्हती. सेक्स्टिंग, म्हणजे मोबाईलवरून एकमेकांना पाठवलेला चावटपणा, आणि त्यावरचं संशोधन कसकसं बदलत गेलं. आधीचे अभ्यासक नुसते धास्तावलेले, जो तो धोकेच शोधतोय. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, अहो, दोघांच्या राजीखुशीने चाललं असेल तर? पुढे लग्न झालेल्या जोडप्यांनाही विचारू लागले. वाचायला मजा यायची. पण माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "परदेशातलं पुरे. आपल्याकडच्या चार बायका बोलत्या करा, नाहीतर विषय बदला."

देवळाली प्रवरात ह्यावर कोण बोलणार, कप्पाळ!

सासूबाईंना मी गुळमुळीत सांगितलं होतं, नवरा-बायको मोबाईलवर काय बोलतात त्याचा अभ्यास. त्यांना सुनेचं भारी कौतुक. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सासरे गेल्यापासून त्या कुंकवाच्या ताटापासून लांब, खुर्चीत बसून तिळगूळ वाटतात. वाटता वाटता त्यांनी जाहीर केलं, "आमच्या सूनबाईला तुमचं नवऱ्यासंगं मोबाईलवर काय चालतं ते लिहून घ्यायचंय. लाजू नका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायका वाणाच्या वाट्या निरखत बसल्या. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाई, मोबाईल आमचा हाय कुठं? पोरं गेम खेळत्यात, सासू भजनं ऐकती. आमी काय पाठवायचं, डोंबल?" हसत हसत सगळ्या उठल्या.

मी वाचलेल्या लेखांत माणूस एक आणि मोबाईल एक. आमच्याकडे तो सामायिक विहिरीसारखा. विषय बदलते, असं सरांना कळवायचं मी ठरवूनच टाकलं आणि रात्री सासूबाईंनाही तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्यावर सासूबाई घरातला जुना मोबाईल घेऊन आल्या.

"पुसलेलं परत येतं का गं?"

"काय पुसलंत?"

"ह्यांचं."

सासरे साखर कारखान्यात होते. घरात चकार शब्द न काढणारा माणूस, कामावरून बायकोला लिहायचा!

"काय लिहायचे?"

त्या चक्क लाजल्या. "ते तुला न्हाई सांगायची. चावट हुतं लई. मोबाईल समद्यांच्या हातात, कुनी वाचलं तर? वाचलं की लगीच पुसायची मी."

मी बरीच खटपट केली. गेलेलं काही आलं नाही. उरलं होतं ते 'डबा पाठव', 'मोटार बंद कर', 'उशीर होईल'. त्या एकेका ओळीवरून बोट फिरवत बसल्या आणि मला रडू आलं.

"बदलू नको इषय," त्या म्हणाल्या. "माझं लिही, नाव न घालता. म्हनावं, डब्याचं तेवढं ठिवलं आन् चांगलं समदं पुसलं."