एका कपड्याला एक चिठ्ठी

अण्णा गेले त्याला महिना होत आला. लॉन्ड्री उघडी आहे, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, काउंटरवर बसतात. भेटायला येणारे म्हणतात, देवमाणूस होता. देवमाणूस वगैरे काही नव्हते अण्णा. हट्टी होते, आणि भोळे होते. त्या कार्डाच्या मशीनच्या वेळी दोन्ही एकदमच दिसलं.

अण्णांचा एक नियम होता. एका कपड्याला एक चिठ्ठी, आणि प्रत्येक चिठ्ठीचे पैसे वेगळे. दुकान नवं असताना एका बाईंचा कोट हरवला. बाई म्हणाल्या पाच कपडे दिले, अण्णा म्हणाले चार. भांडण पार रस्त्यापर्यंत गेलं आणि शेवटी कोटाचे पैसे अण्णांनीच भरले. तेव्हापासून कोणी सहा शर्ट आणले की सहा चिठ्ठ्या. न्यायला आलं की शर्ट द्यायचा, पैसे घ्यायचे, चिठ्ठी फाडायची, मग दुसरा शर्ट. गिऱ्हाईक कंटाळायचं, पण त्यानंतर एक रुमालसुद्धा हरवला नाही, हेही खरं.

पुढे लोक खिशात सुटे पैसे ठेवेनासे झाले आणि अण्णांनी कार्डाचं मशीन घेतलं. नियम तोच. एक शर्ट, एकदा कार्ड लावा. दुसरा शर्ट, परत लावा.

वर्षभरात काय झालं, दुकानात गर्दी तेवढीच आणि हातात पैसा कमी. मशीनची कंपनी परस्पर कापून घ्यायची आणि उरलेले खात्यात टाकायची. कंपनीचा कागद यायचा, अण्णा तो वाचायचे नाहीत. कापलेलं परत थोडंच येणार आहे, म्हणायचे.

एक दिवस दुपारी चादरीच्या घड्या घालता घालता अण्णा वहिनींना हळूच म्हणाले, "पहिल्या तारखेपासून मावशींना थांबवावं लागेल गं."

मावशी म्हणजे इस्त्रीवाल्या मावशी. दुकान सुरू झाल्यापासूनच्या. त्यांच्या कॉलरसाठी लोक लांबून यायचे. गुडघे गेलेले, घरी कमावणारं दुसरं कोणी नाही.

वहिनींनी हातातली चादर सोडलीच. "आधी मला थांबवा."

"अगं, मग पगार कुठून देऊ? ते मशीनवाले खातात सगळं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झालाय."

"मग बंद करा मशीन."

"आणि गिऱ्हाईक समोरच्या लॉन्ड्रीत जाऊ दे? तो बसलाच आहे टपून."

वहिनी रात्रभर तळमळल्या. मावशींना सांगायचं कोणी? अण्णा सांगणार नाहीत, ते वहिनींच्याच गळ्यात पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी बसचा ड्रायव्हर आला. उंच, हसरा. त्याच्या गणवेशाचे सात नग. अण्णांनी सुरू केलं. पँट, कार्ड लावा. शर्ट, कार्ड लावा. दर वेळी ड्रायव्हरच्या खिशात फोन वाजायचा, बँकेचा मेसेज. पाचव्याला तो म्हणाला, "अण्णा, बँकेला वाटेल मी कपडे धुवून नेतोय का दुकान विकत घेतोय!"

सगळे हसले. वहिनी नाही हसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हे मशीनवाले दर वेळी कापतात का हो?"

"मला काय माहीत," अण्णा म्हणाले.

"मला तर नाहीच माहीत वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, "मी बस चालवतो."

तो गेल्यावर वहिनींनी मशीनच्या मागे लिहिलेल्या नंबरवर फोन लावला. अण्णा ऐकत नाही असं दाखवून ऐकत होते. तिकडची मुलगी म्हणाली, "शंभराला दोन जातात, आणि वर दर वेळेचा ठरलेला आकार असतो."

"म्हणजे सात वेळा कार्ड लावलं तर तो आकार सात वेळा?"

"हो मॅडम. एकदाच लावलं तर एकदाच."

वहिनींनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी पंख्याकडे बघितलं.

"नियम आहे आपला," अण्णा म्हणाले.

"चिठ्ठ्या सातच्या जागी सत्तर करा की! पैसे एकदाच घ्या. कपडा चिठ्ठीने सापडतो, मशीनने नाही."

अण्णा जेवले नाहीत त्या दिवशी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक मास्तरीणबाई चार साड्या न्यायला आल्या, तेव्हा त्यांनी चारही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या, बेरीज तीनदा केली आणि कार्ड एकदाच लावून घेतलं. चोरी केल्यासारखा चेहरा झाला होता.

मग मात्र त्यांना चेवच आला. काउंटरखाली एक बिघडलेलं मशीन पडून होतं, नवीन घेतलं तरी जुन्याचं भाडं चालूच होतं. ते परत केलं. कोणी फोनवर कार्डाचा नंबर सांगून पैसे देऊ बघितलं तर म्हणायचे, दुकानात येऊन द्या, हाताने नंबर टाकला की जास्त कापतात. हे त्यांनी कंपनीलाच विचारून घेतलं होतं. आणि एकदा फोनवर कंपनीला म्हणाले, "समोरच्याला तुम्ही कमी लावता म्हणे." थाप होती. कान लाल झाले होते बोलताना. पण शंभराला दोनचे पावणेदोन झाले.

महिनाअखेरीला मावशींचा पगार निघून वर थोडे उरले. अण्णा पडद्यामागे इस्त्रीच्या टेबलापाशी गेले.

"मावशी, ते पहिल्या तारखेचं..."

"येऊ का नको, तेवढं सांगा," मावशी इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "पडदा आहे हा, भिंत नाही. सगळं ऐकलंय मी. समोर विचारूनसुद्धा आले."

"समोर? त्याच्याकडे?" अण्णांना मावशींच्या जाण्यापेक्षा हेच जास्त लागलं.

"मग काय घरी बसून माशा मारू?"

"काय देतो म्हणाला?"

मावशींनी आकडा सांगितला. तो बराच वरचा होता.

"तेवढेच मी देईन," अण्णा बोलून मोकळे. वाचलेलं सगळं तिथेच संपलं.

वहिनी पडद्याच्या अलीकडे उभ्या होत्या. "वाचवलं मी," त्या म्हणाल्या, "आणि वाटून टाकलं तुम्ही."

"मग काय पुरून ठेवणार होतीस?" अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी दोन माणसांचं जेवले.

काल पहिली तारीख होती. वहिनींनी मावशींच्या हातात पगार दिला. मावशींनी निम्मा काढून काउंटरवर परत ठेवला. म्हणाल्या, "आता ते नाहीत. तुझं कसं भागणार पोरी? निम्म्यात चालेल मला."

वहिनींनी तो उचलून परत त्यांच्या मुठीत कोंबला. "उचला मावशी. हे त्यांनी ठरवलंय. मला विचारलं नव्हतं तेव्हाही."

मग दोघी तिथेच उभ्या राहून रडल्या. बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं, ते बाकावर बसून राहिलं.