माणशी

टॉवेलच्या कारखान्याबाहेर, पायरीवर बसलेले म्हातारे विणकर मामा रिकाम्या हवेत तुटलेला धागा जोडत होते. बोटं थरथरत होती, तरी गाठ मारून झाल्यावर मान समाधानानं हलली.

आता बोलूनच टाकतो. या पायरीवर त्यांना मी बसवलं. छोट्या उद्योगांना सरकारनं मदत कशी द्यावी हे ठरवायला आम्ही देशोदेशीचे कारखाने ताडून पाहत होतो. माणशी किती माल निघतो, एवढंच विचारायचं. मालक म्हणाला, "मामांनाबी धरा की साहेब. हात चालत नाही, पण माणूस हाय की!" मी हसत म्हटलं, "त्यांना धरलंत तर परदेशाच्या फार मागं पडाल. मदत मिळायची नाही." त्यानं मामांना कामावरून कमी केलं. मदत मिळाली. 'माणशी' या शब्दात माणूस आहे, हे मला तेव्हा ऐकूच आलं नाही.

आज मी जवळ गेलो तसं मामांनी मला ओळखलं. सरकून शेजारी जागा केली. "साहेब, त्या परदेशवाल्यांना गाठलं का आपण?"

"गाठलं, मामा."

त्यांचा चेहरा उजळला. "मग आता मालकाला सांगा की, मला आत घ्यायला."