येतानाचं भाडं

दवाखान्यासमोर एक म्हातारा जीपवाल्याशी घासाघीस करत होता. "किलोमीटरला वीस. जायचे-यायचे दोन्हीकडचे," जीपवाला म्हणाला. "येताना गाडी रिकामी येते, बाबा."

माझे पाय थबकले. डॉक्टरांनी हात टेकल्यावर बायकोला, सुमनला, तिच्या माहेरी न्यायला एकदा मीही इथेच असा भाव करत होतो. मागच्या सीटवर आडवी झालेली सुमन हळूच म्हणाली होती, "रिकामी कशी, भाऊ? येताना हे असतील की गाडीत." फक्त 'हे'. 'आम्ही' नाही. जीपवाल्याने मान खाली घातली. भाव तिथेच राहिला आणि त्याने गाडी सुरू केली.

माणूस पोचवून परत येणं किती महाग पडतं, हे भाव ठरवताना कुठे कळतं?

येताना मी गाडीत होतो. तरी गाडी रिकामीच आली.