घंटा कुणाच्या गळ्यात

स्वित्झर्लंडच्या पाहुण्यांनी आणलेली घंटा मी त्याच संध्याकाळी देवघरासमोरच्या कडीला टांगली आणि आरतीला अशी बडवली, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. घंटा नारळाहून मोठी, पितळी, वर चार बोटं रुंद कातडी पट्टा आणि त्यावर रंगीत भरतकाम. मला वाटलं, काय लोक आहेत! आपल्या रीतीभातींचा अभ्यास करून आले. आरती झाल्यावर मी त्यांच्या भक्तिभावाबद्दल इंग्रजीत चार शब्द बोललोसुद्धा. पाहुणे हात जोडून ऐकत होते. पाहुणीबाईंचे मात्र खांदे हलत होते. मी समजलो, गहिवरल्या.

मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, ती गाईच्या गळ्यातली आहे."

बायको निरांजन खाली ठेवत म्हणाली, "गाईचीच आहे ना? मग वावगं काही नाही. वाजवणाऱ्याचं तेवढं बघा."

पाहुणे आल्यापासून तिने उच्चारलेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

कारण असं, की हे नुसते पाहुणे नव्हते, व्याही होऊ घातले होते. मुलगी इंजिनियर, नोकरीसाठी तिकडे गेली, आणि डोंगरातल्या एका खेड्यातल्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा सुतार. लाकडाची घरं बांधतो आणि घरच्या गायी सांभाळतो. मुलीचं म्हणणं, आईने मनापासून हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही. आणि आईचं म्हणणं, "बघू." आमच्या घरात 'नाही' म्हटलं तर वाद घालता येतो. 'बघू'पुढे कुणाचं काही चालत नाही.

त्यातून मुलगा स्वतः आलाच नव्हता. हिवाळ्यात गायी गोठ्यात, दोन वेळा धारा, वैरण, शेण. कुणीतरी घरी हवं. "मुलगी बघायला आईबाप, आणि नवरामुलगा गायी बघतोय," बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली. मी म्हटलं, "जबाबदार आहे." तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी चहाचे कप विसळायला घेतले.

गल्लीत तर वेगळीच हवा होती. स्वित्झर्लंडचे व्याही म्हटल्यावर समोरच्या शेजाऱ्याने दारातच गाठलं, "भाईसाहब, घड़ी-वड़ी लाए क्या?" मी म्हटलं, "घंटा लाए हैं." तो बिचारा आजही समजतो की मी त्याला उडवून लावलं.

मी थंडीबद्दल निर्धास्त होतो. बर्फातली माणसं, त्यांना ग्वाल्हेरचा जानेवारी काय करणार! पण त्यांच्या घराच्या भिंती जाड लाकडाच्या आणि मधोमध भलीमोठी शेगडी. आमच्याकडे दगडी फरशी आणि दाराखालून आत येणारं धुकं. दुसऱ्या दिवशी व्याही आमची रजई पांघरून, नाक लाल करून बसले. बायकोने माझा सगळ्यात जाड स्वेटर त्यांना दिला. तो आता आल्प्समध्ये आहे.

मग एकदाचं ऊन पडलं आणि आम्ही सगळे गच्चीवर गेलो. बायकोने मटारच्या शेंगांचा ढीग ओतला. विहीणबाई काही न विचारता शेजारी बसल्या आणि सोलायला लागल्या. बायकोने त्यांचा हात बघितला. सराईत होता.

"विचार त्यांना," बायको मुलीला म्हणाली, "तिथे माणसं किती आहेत?"

मुलीने विचारलं. व्याही विचारात पडले आणि म्हणाले, "गायी धरून?"

मुलगी हसली. तिची आई हसली नाही. मग व्याही सरसावून बसले आणि गाव सांगायला लागले, मुलगी मराठी करत गेली. मधेच तिची गाडी हिंदीत घुसायची, "मतलब इतना ढलान है ना आई, की कोंबडीसुद्धा सांभाळून चालते."

दोन डोंगरांमधला उतार, त्यावर उन्हाने काळी पडलेली लाकडी घरं. छपरांवर दगड, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. एक चर्च, एक दुकान. शाळा बंद झाली, मुलं बसने खालच्या शहरात जातात. गवत इतक्या उभ्या चढावर, की अजून विळ्यासारख्या लांब पात्याने हाताने कापायचं. गावाच्या डोक्यावर एक रान आहे. त्यातलं झाड कुणीही तोडायचं नाही, पूर्वापार बंदी. डोंगरावरून बर्फाचा कडा कोसळला तर ते रानच त्याला अडवतं.

"म्हणजे देवराई," मी म्हटलं. मुलीला हा शब्द माहीत नव्हता. तो समजावण्यात माझा थोडा वेळ गेला, आणि तोवर व्याह्यांनी अर्धी वाटी मटार कच्चेच खाल्ले.

"हे लोक मूळचे तिथलेच?" बायकोने विचारलं.

नाही. कित्येक पिढ्यांपूर्वी थोडी कुटुंबं पलीकडच्या खोऱ्यातून खिंड ओलांडून आली. या बाजूच्या जमीनदाराचा हा डोंगर कुणी कसत नव्हतं. तो म्हणाला, राना-दगडांतून जमीन काढा, राहा, तुम्ही मोकळे. ती राहिली. परत कुणी गेलं नाही. पण सोबत आणलेली बोली त्यांनी सोडली नाही. मूळच्या खोऱ्यात आता तशी कुणी बोलत नाही, आणि खालच्या शहरात ती ऐकली की लोक हसतात.

"हसतात?" बायकोचा हात थांबला.

आता विहीणबाई बोलल्या. लहानपणी शहरातल्या शाळेत गेल्या तेव्हा वर्गातल्या मुली त्यांना मुद्दाम बोलायला लावायच्या आणि खिदळायच्या. मग त्या शाळेत गप्पच बसायला लागल्या.

 बायकोला काय आठवलं ते मला माहीत होतं. पुण्याला एका मुंजीत ती स्वयंपाकघरात म्हणाली होती, "मी काकड्या चिरून राहिले," आणि सगळ्या बायका हसल्या होत्या. "अय्या, पुन्हा म्हणा ना!" त्यानंतर तिने मुंज संपेपर्यंत काकड्या मुकाट्याने चिरल्या. आमचेही पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले आणि परत जायचं विसरले. आमच्या मराठीवर हिंदीची वेल चढली. आम्हाला ती दिसत नाही, पुण्याला लगेच दिसते.

"म्हणजे हे तिकडचे ग्वाल्हेरवाले," ती हळूच म्हणाली. मग खरी गोष्ट बाहेर आली. "मला सुताराचं काही नाही गं. पण ही पोरगी तिथे बोलणार कुणाशी? माणसाला आपल्या भाषेत भांडायला तरी कुणीतरी हवं."

 याचं भाषांतर मुलीने केलं नाही. पण विहीणबाईंना बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं असावं. वातावरण हलकं करायला बायकोनेच तिळगुळाच्या गजकची ताटली पुढे केली. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवला, मुलीकडे एकदा चोरून पाहिलं आणि स्पष्ट मराठीत म्हणाल्या, "पुरे. मी किती खाऊन राहिली!"

बायकोच्या हातातून ताटली सुटता सुटता राहिली. "हे कुणी शिकवलं?"

"मी," मुलगी म्हणाली. "त्या रोज एक वाक्य शिकतात. मी त्यांची बोली शिकते, शहरातली नाही, गावातली. दुकानात बोलले की सगळे हसतात."

"तुला हसतात?"

"आई, मीच आधी हसते. फिर वो लोग सिखाते हैं."

"खाऊन राहिली," बायको पुन्हा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "अगं, ह्या तर आपल्यातल्या निघाल्या! पुण्याला नेऊ नकोस हो यांना."

मी संधी साधून खालून घंटा आणली आणि तिचा विषय काढला, माझी आदली चूक धुऊन काढावी म्हणून. व्याही म्हणाले, ही साधी घंटा नाही. उन्हाळाभर गायी उंचावरच्या कुरणांत असतात. शरदात खाली उतरतात तेव्हा ही कळपातल्या सगळ्यात शहाण्या गाईच्या गळ्यात बांधतात. ती पुढे, बाकी मागे. वर सगळी माणसं, जनावरं सुखरूप असली तर तिच्या डोक्यावर फुलं. काही वाईट घडलं असेल तर फुलं नाहीत.

विहीणबाई म्हणाल्या, "मी खाली वाटेत उभी असते. नवरा, मुलगा वर. मी आधी माणसं बघत नाही. आधी फुलं बघते."

पट्टा कसा बांधतात ते दाखवायला गाय हवी होती. व्याह्यांनी गच्चीभर नजर फिरवली आणि उठून घंटा माझ्या गळ्यात अडकवली. मान खाली गेली. मी उत्साहाने दोन पावलं चाललो. समोरच्या गच्चीवर शेजारी कपडे वाळत घालत होता, त्याचा हात हवेतच राहिला.

बायको उठून खाली गेली. मला वाटलं, चिडली. मुलीचा चेहरा उतरला. मटारची वाटी कुणी हातात घेईना.

ती वर आली तेव्हा तिच्या हातात देवघरातली झेंडूची माळ होती. सरळ माझ्यापाशी आली आणि माळ माझ्या डोक्याला गुंडाळली, नीट, कानामागून.

मला अर्थ लागायच्या आत विहीणबाई उठल्या होत्या. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मुलगी दोघींच्या, आणि व्याही माझा स्वेटर घालून नाक पुसत उभे. मी मधे, टण टण वाजत.

पाहुण्यांना स्टेशनवर सोडून परत येताना, इंदरगंजच्या चौकात आमची रिक्षा अडकली तेव्हा मी विचारलं, "म्हणजे तू हो म्हणालीस तर?"

"मी कुठे काय म्हटलं?" ती बाहेर बघत म्हणाली. "मी गाय सजवली फक्त."

"पण त्यांच्यात सगळ्यात शहाणी गाय सजवतात," मी जरा ताठ बसत म्हटलं.

"शहाणी कुठून आणू? घरात होती ती सजवली."